शुक्रवारचं पोलंड

ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण करण्याआधी माझ्या साडूंचा सल्ला घेतला असता, तर सृष्टी अजून कागदावरच असती. पण तिच्यात एकही चूक कुणाला काढता आली नसती. "पाऊस पडला नाही तर दुसरी व्यवस्था काय?" हा प्रश्न त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारला असता आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत माणूस नावाच्या प्राण्याला मंजुरी दिली नसती. जगाचं एकंदरीत जे चाललंय ते पाहता हे बरंच झालं असतं असं मला अलीकडे वाटतं. पण मला बऱ्याच गोष्टींबद्दल तसं वाटतं, तेव्हा ते सोडून द्या.

साडू हे नातं तसं अवघडच. एकाच सासऱ्याने वेगवेगळ्या वर्षी पसंत केलेले दोन परके पुरुष आयुष्यभर सणावारी समोरासमोर बसून श्रीखंड खातात आणि बोलायला काही सुचलं नाही की पेट्रोलच्या भावावर येतात. कतारमध्ये तोही आधार नाही, कारण इथे पेट्रोल स्वस्त आहे. आमच्यात साडूभाऊ थोरले, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नाशिकचे, पण उभी हयात दुखानच्या तेलक्षेत्रात गेली. तिथे ते शटडाउन प्लॅनर आहेत. तेलाचा प्लांट काही वर्षांनी एकदा पूर्ण बंद करतात, झिजलेलं बदलतात आणि ठरल्या तासाला पुन्हा सुरू करतात. तो बंद असेपर्यंत मिनिटामिनिटाला नुकसान, म्हणून कुठला बोल्ट कुणी, कधी, कुठल्या पान्याने उघडायचा हे वर्षभर आधी ठरवून ठेवणारा एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे साडूभाऊ. मी हमद पोर्टवर कंटेनरच्या कामात आहे. दुसऱ्यांचा माल जगभर पाठवून पाठवून मला स्वतःला कुठे जावंसं वाटत नाही. सुट्टी मिळाली की दोह्यात अल सद्दच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून पडून राहावं, एवढीच माझी प्रवासाची हौस. तरीही आम्हा दोघांचं जमलं. त्यांना दुरुस्त करायला माणूस हवा असतो आणि मला दुरुस्त झाल्याचं काही वाटत नाही.

कारण चूक ऐकून गप्प बसणं हे साडूभाऊंच्या शरीरप्रकृतीलाच मानवत नाही. समोरच्याने काही ढोबळ विधान केलं की त्यांच्या भुवया आधी वर जातात, मग ते घसा साफ करतात, आणि मग "तसं नाही ते" अशी सुरुवात होते. एका वर्षी आमच्याकडे गणपतीची आरती चालू असताना त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. कुणीतरी मधलं कडवं गाळून पुढे गेलं होतं. टाळ थांबले, टाळ्या थांबल्या, कापूर विझला, पण कडवं झालं. दुसऱ्या एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो. त्या गृहस्थांचे वडील गावी वारले होते. ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन गेले हो." साडूभाऊंच्या भुवया वर जाताना पाहून मी त्यांचा गुडघा दाबला, तरी ते बोललेच, "त्र्याऐंशी पूर्ण. चौऱ्याऐंशीवं चालू होतं." गंमत अशी की त्या गृहस्थांनी डोळे पुसले, बोटांवर मोजलं आणि मान डोलावली. इतकंच कशाला, स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना भटजींचं घड्याळ पुढे आहे हे त्यांनी जाहीर केलं आणि मंगलाष्टकांना दोन कडवी जादा म्हणावी लागली. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, हे नेहमी हसत सांगायच्या. "पडद्यापलीकडनं ह्यांचा पहिला आवाज ऐकला तो हा. मला वाटलं, बरं झालं बाई. हा माणूस काय आपल्याला चुकू देणार न्हाई."

ताईंनी संसारात कधी काही मागितलं नाही. दुखानच्या कंपनीच्या वसाहतीत एका साच्यातून काढल्यासारखी घरं, समोर वाळू आणि वाळूच्या पलीकडे समुद्र, तिथे त्यांनी कढीपत्ता जगवला, मुलगी वाढवून कॅनडाला पाठवली आणि वसाहतीतल्या निम्म्या बायकांना तांबडा रस्सा शिकवला. मागितलं ते एकच, आणि तेही असं की ऐकणारा बुचकळ्यात पडावा. त्यांना पोलंडला जायचं होतं. लोक स्वित्झर्लंड मागतात, पॅरिस मागतात. कारण विचारलं की ताई गोष्ट थेट कोल्हापूरपासून सुरू करायच्या. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला महायुद्धाच्या काळात घरादाराला मुकलेली पोलिश माणसं येऊन राहिली होती, बहुतेक बायका आणि मुलं. या दोघी बहिणींच्या आजोबांचा तिथे दुधाचा रतीब असायचा. आजोबांबरोबर त्यांची आई जायची, तेव्हा ती लहान मुलगी. तिथल्या तिच्याच वयाच्या एका मुलीशी तिची मैत्री जमली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, तरी ती मुलगी हिची वेणी घालायची आणि खाणाखुणा करून आपल्या गावचं सांगायची. तिच्या गावात एका उंच मनोऱ्यावरून तुतारी वाजते आणि सूर चढत असताना मधेच थांबते. का थांबते हे समजण्याआधीच ती सगळी माणसं वळिवड्याहून निघून गेली. आईजवळ उरला तो एक शब्द, 'जेंकुये', म्हणजे 'आभारी आहे', आणि तो प्रश्न. आई गेली तेव्हा प्रश्न ताईंकडे आला. माझी बायको धाकटी. तिच्या वाटणीला आईचा नुसता रागीटपणा आला.

ते गाव म्हणजे क्राकोव्ह हे ताईंनी सांगितलं त्याच दिवशी साडूभाऊंनी शोधून काढलं. तुतारी मधेच का थांबते हेही त्यांना समजलं. ते घसा साफ करून सांगायला लागणार तोच ताई म्हणाल्या, "अजिबात सांगायचं न्हाई. तिथं जाऊन, ऐकून, मग तिथल्याच कुणालातरी विचारायचं." साडूभाऊंच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड काळ म्हणायला हवा. बरोबर उत्तर पोटात आणि तोंडाला कुलूप. कधी तुतारीचा विषय निघाला की ते उठून पाणी प्यायला जायचे.

मग प्लॅन सुरू झाला. दुखानच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद लागला. त्यावर वॉर्सा, तोरून, ग्दान्स्क, व्रोत्सवाफ, क्राकोव्ह आणि शेवटी बर्फासाठी झाकोपाने, प्रत्येकाची वेगळ्या रंगाची पट्टी. आगगाड्यांना उशीर झाला तर काय, संप झाला तर काय, पाऊस आला तर काय, आणि साडूभाऊंचं पोट बिघडलं तर काय, अशा चार उपयोजना खाली जोडलेल्या. ताई त्या कागदासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "अहो, आपण फिरायला निघालोय, लढाईला न्हवं." वॉर्सावरून तर दोघांचं भांडण झालं. तिथलं जुनं शहर युद्धात जमीनदोस्त झालं आणि लोकांनी जुनी चित्रं बघून बघून ते पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. साडूभाऊंनी कागदावर 'जुनं शहर' खोडून 'जुन्यासारखं दिसणारं नवं शहर' असं लिहिलं. ताईंना ते आवडलं नाही. "जे तिथं राहतात त्यांना ते जुनंच वाटतं की. मग झालं." साडूभाऊ म्हणाले, "वाटणं वेगळं आणि असणं वेगळं." त्यावर ताई कढीपत्त्याला पाणी घालायला निघून गेल्या.

पट्ट्या सरकत राहिल्या. एका वर्षी प्लांटचं शटडाउन आलं. मग जगाचंच शटडाउन झालं आणि ते कुणी प्लॅन केलं नव्हतं याचं साडूभाऊंना सर्वांत जास्त वाईट वाटलं. मग इथे फुटबॉलच्या विश्वचषकाचं वर्ष आलं आणि रजा बंद झाल्या. मधल्या काळात आमच्या ओळखीची चार कुटुंबं काहीही न ठरवता युरोपात जाऊन, चुकीच्या गाडीत बसून, पासपोर्ट हरवून, मजा करून परत आली. मी एकदा साडूभाऊंना म्हणालो, "त्यांच्यासारखं नुसतं निघायचं." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पेटती काडी घेऊन प्लांटमध्ये शिरलो होतो.

प्लांटमध्ये एक रीत आहे. मोठं काम हाती घेण्याआधी त्याची रंगीत तालीम करतात. ती झाल्याशिवाय कामाचा परवाना मिळत नाही. साडूभाऊंनी ठरवलं की पोलंडचीही तालीम करायची. पण कतारच्या उन्हात रस्त्यावर चालणं म्हणजे तव्यावर चालणं. म्हणून इथली माणसं चालायला मॉलमध्ये जातात. शुक्रवारी दुकानं दुपारच्या नमाजानंतर उघडतात, त्यामुळे सकाळी मॉल मोकळा मिळतो. साडूभाऊंनी निवडलेल्या मॉलच्या छतावर आकाश रंगवलेलं आहे; आत कधीही जा, तिथे संध्याकाळच असते. मधून कालवा वाहतो, त्यावर पूल आहेत, खाली होड्या आहेत आणि एका टोकाला बर्फाचं मैदान आहे. साडूभाऊंना सगळं पोलंड एका छताखाली सापडलं. कालव्याकाठी ग्दान्स्क, खाण्याच्या जागेतला मोठा चौक म्हणजे क्राकोव्ह, मुलांच्या कपड्यांच्या दुकानांची गल्ली म्हणजे व्रोत्सवाफ आणि बर्फाशेजारचा बाक म्हणजे झाकोपाने. दुखानहून दोघं सकाळी गाडी काढून यायची. मला आणि माझ्या बायकोलाही यात ओढलं होतं. माझं काम गर्दी होण्याचं. "तुम्ही समोरून या आणि धक्का देऊन जा," असं मला सांगितलेलं होतं आणि ते काम मी मनापासून करत असे.

निघण्याआधी मॉलच्या दारात उभं राहून साडूभाऊ पाच मिनिटं सूचना द्यायचे: आज कुठून कुठे, पाणी कुणाकडे, हरवलं तर कुठे भेटायचं. आमच्या चौघांच्या अंगात लोकरीचे कोट, पायांत जाड बूट. बाहेर पारा असा की डांबर मऊ व्हावं. होडीवाला आला नसेल तर आम्ही काठाकाठाने चालायचो आणि होडीत बसलो आहोत असं धरून चालायचो. व्रोत्सवाफच्या रस्त्यांवर म्हणे ब्राँझचे बुटके ठिकठिकाणी दडवून ठेवलेत आणि प्रवासी ते शोधत हिंडतात. त्यासाठी माझ्या मुलीच्या जुन्या बाहुल्या कामी आल्या. तिने त्या दिल्या, पण मला म्हणाली, "बाबा, काका इज सो एक्स्ट्रा," म्हणजे काका जरा अतीच करतात. साडूभाऊ बाहुल्या कुंड्यांमागे लपवायचे, मागून मॉलचा नेपाळी चौकीदार त्या हरवलेलं सामान म्हणून गोळा करायचा आणि शेवटी साडूभाऊंना ओळख पटवून त्या सोडवून आणाव्या लागायच्या. चौकात पोहोचलो की साडूभाऊ फोनवर क्राकोव्हची तुतारी लावायचे. ताई डोळे मिटून ऐकायच्या. सूर चढत जायचा आणि एकदम तुटायचा. ताई डोळे उघडून हळूच 'जेंकुये' म्हणायच्या. मग साडूभाऊ पाणी प्यायला जायचे.

आम्ही हसायचो, वैतागायचो, शुक्रवारची झोप गेली म्हणून कुरकुरायचो. आता मागे वळून पाहताना वाटतं, चौघांना मिळून एवढं सुख पुन्हा मिळालं नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते व्रोत्सवाफमध्ये. ताईंना कुंडीमागे बाहुली सापडली. एरवी त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायच्या. त्या दिवशी त्यांनी बाहुली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या बायकोला विचारलं, "हे कुणाचं गं? आणि माझ्याकडं का दिलंय?" बायकोला वाटलं थट्टा करताहेत. मग रश्श्यात मीठ राहायला लागलं. मग एक दिवस त्या वसाहतीत चार घरं सोडून भलत्याच घरात शिरल्या आणि त्या बाईच्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा चहाचा डबा शोधत बसल्या. साडूभाऊ सांगत होते, "घरं सारखीच आहेत, कुणाचाही घोटाळा होईल." साडूभाऊ कुणाच्या घोटाळ्याचं समर्थन करताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि मला भीती वाटली.

दोह्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. हा विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. साडूभाऊंनी विचारलं, "किती वेळ आहे?" डॉक्टर म्हणाले, "याचं वेळापत्रक नसतं." त्यावर साडूभाऊ म्हणाले, "नसतं म्हणजे अजून कुणी केलेलं नाही." मी बाहेर बाकावर बसलो होतो. ते आले, शेजारी बसले, बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आता सरकवायचं नाही. तुतारी ऐकताना ती तुतारी आहे आणि आपण क्राकोव्हला आहोत हे तिला समजलं पाहिजे. तेवढ्या वेळातच पोहोचायचं."

त्यानंतर भिंतीवरचा कागद आखडत गेला. आधी झाकोपाने गेलं, कारण थंडी. मग ग्दान्स्क, कारण लांब. तोरून, व्रोत्सवाफ, आणि भांडण झालं होतं ते वॉर्साही. उरलं एकटं क्राकोव्ह, त्यातही हॉटेल चौकाला लागून, म्हणजे खिडकी उघडली की तुतारी ऐकू यावी. साडूभाऊंनी ज्या शहरांसाठी वर्षं घातली ती खोडताना एकदाही तक्रार केली नाही. डॉक्टर म्हणाले होते, नवीन जागेत त्या गोंधळतील, विचार करा. साडूभाऊंनी विचार केला आणि व्हिसाची तारीख घेतली. व्हिसाच्या खिडकीवरच्या मुलीने त्यांच्या गठ्ठ्यातलं एक पान ठेवून घेतलं आणि बाकीचा गठ्ठा परत दिला, तेव्हा त्यांना फार लागलं. पण व्हिसा मिळाला. तिकिटं झाली. मदतीला म्हणून माझी बायको बरोबर जायची होती. मी फक्त विमानतळावर सोडणार होतो.

निघायच्या सकाळी ताई छान होत्या. शुक्रवारचा कोट घातला होता, केसांत गजरा नव्हता म्हणून हळहळत होत्या. बॅगा दिल्या, हातात बोर्डिंग पास आले. मी निरोप घेऊन वळणारच होतो. तेवढ्यात ताई थांबल्या. तो मोठा दालनभर उजेड, ढकलगाड्या, घोषणा, पुढे सरकणारी रांग, हे सगळं त्या जणू पहिल्यांदाच बघत होत्या. "हे कुठं आणलंय मला?" त्या म्हणाल्या. "आई कुठाय?" साडूभाऊ त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्या वयाला आणि त्या गुडघ्यांना ते सोपं नव्हतं. "अगं, आता फक्त ही रांग, मग विमान, मग क्राकोव्ह. तुझी तुतारी." ताईंनी हात काढून घेतला आणि माझ्या बायकोच्या मागे लपल्या. "हे कोण हैत? ह्यांना जायला सांग की."

पावसाची योजना होती, संपाची होती, पोटाची होती. ही नव्हती. साडूभाऊ तसेच खाली बसून राहिले. लोक वळसा घालून जात होते. मग ते जमिनीला हात टेकून उठले, विमान कंपनीच्या काउंटरशी गेले आणि तिथल्या मुलीला म्हणाले, "बॅगा परत हव्यात." मुलगी काहीतरी विचारत होती. "खलास," ते म्हणाले. "जायचं नाही." बॅगा विमानातून उतरून येईपर्यंत आम्ही एका कोपऱ्यात बसलो. ताई माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. मी चहा आणला, तो कुणी प्यायला नाही.

परतताना गाडी मी चालवत होतो. पुढे माझ्या शेजारी साडूभाऊ, मागे दोघी बहिणी. दुखानचा रस्ता सरळसोट आहे, दोन्हीकडे काही नाही. अर्ध्या वाटेवर ताई जाग्या झाल्या. त्यांनी बाहेर पाहिलं, मांडीवरच्या कोटाकडे पाहिलं, मान वळवून मागच्या बॅगा पाहिल्या. त्यांचा चेहरा निवळला.

"दमले बाई," त्या म्हणाल्या. "पण झालं एकदाचं सगळं बघून. होय की न्हाई?"

माझ्या बायकोने तोंड उघडलं. "ताई, अगं आपण..." साडूभाऊंनी मागे न बघता हात वर केला. आरती थांबवताना केला होता तसाच. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी घसा साफ केला. मी स्टिअरिंग घट्ट धरलं, कारण आता 'तसं नाही ते' येणार हे मला ठाऊक होतं.

"दमायला होणारच," साडूभाऊ म्हणाले. "बरंच चाललो आपण."

"तेवढं आभाळ काय सुंदर होतं. सारखी संध्याकाळ." ताईंनी मांडीवरच्या कोटाची घडी घातली. मग एकदम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई! तुतारी ऐकली, आणि का थांबते ते विचारायचंच राहिलं की!"

"मी विचारलं," साडूभाऊ म्हणाले. "तू पुढे गेली होतीस तेव्हा. तिथल्या एका म्हाताऱ्याला."

आणि मग इतकी वर्षं पोटात ठेवलेलं उत्तर त्यांनी सांगितलं. फार पूर्वी शत्रू चालून आला तेव्हा मनोऱ्यावरचा पहारेकरी तुतारी फुंकून गावाला जागं करत होता. सूर चढत असताना बाण येऊन त्याच्या गळ्यात लागला. गाव जागं झालं, वाचलं. तेव्हापासून तो जिथे थांबला तिथेच सगळे थांबतात. पुढचं कुणी वाजवत नाही. ही दंतकथा आहे, याला पुरावा नाही, हे त्यांनी पुढे जोडलं नाही.

"आईला सांगायला पायजे," ताई म्हणाल्या. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. "सांगू," साडूभाऊ म्हणाले आणि तोंड खिडकीकडे वळवलं. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती, पण ते पाणी प्यायले नाहीत.

आता ताईंना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. मुलीचा कॅनडाहून फोन आला की आवाज ओळखीचा वाटतो, नाव सापडत नाही. पण पोलंड आठवतं. मधे दुखानला साडूभाऊंचे एक नवे सहकारी चहाला आले होते, आम्हीही होतो. गृहस्थ हौशी, युरोप खरोखर हिंडून आलेले. ताई त्यांना सांगत होत्या: चौकापासून कालवा, त्यावर छोटे पूल, पुलाखाली होड्या, आणि चौकाच्या बाजूलाच बर्फ, इतका की मुलं घसरत खेळतात. गृहस्थ कौतुकाने ऐकत होते. मग म्हणाले, "वहिनी, क्राकोव्ह मी पाहिलंय. तिथे चौकात कालवा नाही हो. दुसरं कुठलं तरी असेल."

ताईंचा चेहरा पडला. चूक झाली की काय असं वाटलं की त्या ज्यांच्याकडे संसारभर बघत आल्या, त्यांच्याकडेच त्यांनी पाहिलं. "न्हाई का हो?"

साडूभाऊंनी बशी खाली ठेवली. "तसं नाही ते," ते त्या गृहस्थांना म्हणाले. "कालवा आहे. तुमच्या पाहण्यात आला नसेल. वेळ काढून हिंडावं लागतं."

"बघा!" ताई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. "हे पावणं बी होते की आमच्याबरोबर. सांगा की ह्यांना. सारखे येऊन धक्के द्यायचे."

"होतो ताई," मी म्हणालो. "फार गर्दी होती."

साडूभाऊंनी त्यांच्या हातात चहाचा कप नीट धरवून दिला आणि ताईंनी मान वर करून त्यांना 'जेंकुये' म्हटलं, परक्या माणसाला म्हणावं तसं, आदबीने. साडूभाऊही तितक्याच आदबीने किंचित वाकले. भिंतीवर पुन्हा तो पूर्ण कागद लावलेला होता, सहाही शहरांचा, आणि वॉर्सापुढे आता नुसतं 'जुनं शहर' लिहिलेलं होतं.

पोलंडला मी कधी गेलो नाही आणि आता जाईन असंही नाही. पण कुणी विचारलं तर चौघं मिळून जाऊन आलो असंच मी सांगतो, आणि साडूभाऊ समोर बसलेले असले तरी मला कुणी दुरुस्त करत नाही.